लिक्विड क्रिस्टल फक्त टीव्हीच्या पडद्यापुरतं नाही, त्यातून चार्जही धावतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सेमीकंडक्टरवर आलेला मोठा लेख वाचला. चिप कशी बनते, वेफर म्हणजे काय, हे इतक्या सोप्या मराठीत क्वचितच वाचायला मिळतं, लेखकाचं मनापासून अभिनंदन, मी तो लेख वर्गात मुलांना वाचूनसुद्धा दाखवला. पण त्यात एक वाक्य होतं की लिक्विड क्रिस्टल वगैरे गोष्टी टीव्हीच्या पडद्यापुरत्या, खरा सेमीकंडक्टर म्हणजे सिलिकॉन. हे वाक्य मला पटलं नाही आणि तसंच सोडून द्यावं असंही वाटलं नाही, कारण माझी पीएचडी याच विषयातली आहे, गेली कित्येक वर्षं मी नागपुरात फिजिक्स शिकवतेय, आणि या विषयाचं नागपूरशी जे नातं आहे ते इथल्याच मुलांना माहीत नसतं. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण जागा असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८८८ मध्ये प्रागमध्ये फ्रीडरिश रायनित्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ दोनदा वितळताना दिसला, १४५.५ अंशांना त्याचं गढूळ द्रव झालं आणि १७८.५ अंशांना तेच द्रव एकदम स्वच्छ झालं. मधली ती गढूळ अवस्था म्हणजे लिक्विड क्रिस्टल, वाहतं द्रवासारखं पण आतले रेणू मात्र एका दिशेत रांगेत. पुढे घड्याळं, कॅल्क्युलेटर, लॅपटॉप, टीव्ही सगळीकडे हेच आलं. पण पडद्यात त्याचं काम काय असतं, तर व्होल्टेज दिलं की लांबट रेणू वळतात आणि प्रकाश अडवतात किंवा सोडतात, बस. तिथे त्या द्रवातून करंट वाहायलाच नको असतो, उलट जरा जरी आयन, म्हणजे चार्ज असलेले अणू-रेणू, शिरले तरी चित्राचा डाग पडद्यावर राहतो, म्हणून कंपन्या जास्तीत जास्त इन्सुलेटर असलेलं मिश्रण शोधतात. त्यामुळे लिक्विड क्रिस्टल म्हणजे वीज न वाहणारी वस्तू असा समज पक्का झाला, आणि तुमच्या लेखकाचाही तोच झाला असावा.

हा समज बदलायची सुरुवात बंगळुरूत झाली. १९७७ साली रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एस. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश या तिघांनी दाखवून दिलं की लिक्विड क्रिस्टल व्हायला रेणू लांबट काडीसारखाच हवा असं काही नाही, चपटा चकतीसारखा असला तरी चालतो. त्यांनी घेतलेला रेणू अगदी साधा, मधोमध एक बेंझिनची कडी आणि तिच्या सहाही कार्बनना एकेक लांब शेपूट. हे रेणू तापवल्यावर एकावर एक बसतात, भाकऱ्यांची चळत लावावी तसे, आणि अशा कितीतरी चळती शेजारी शेजारी षटकोनी मांडणीत उभ्या राहतात. चळतीतली प्रत्येक चकती हलते, डुलते, स्वतःभोवती फिरते, तरी चळत मोडत नाही. तो पेपर त्यांनी 'प्रमाण' या आपल्याच देशातल्या जर्नलमध्ये छापला, परदेशी जर्नलची वाट बघितली नाही, आणि तरीही जगभरात जो कोणी डिस्कोटिक, म्हणजे चकतीच्या रेणूंच्या, लिक्विड क्रिस्टलवर काम करतो त्याच्या पहिल्या पानावर तो पेपर असतोच असतो.

आता नागपूरचं सांगते. हे चंद्रशेखर म्हणजे शिवरामकृष्ण चंद्रशेखर, सर सी. व्ही. रामन यांचे भाचे. १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठातून ते फिजिक्समध्ये एमएस्सीला पहिले आले, मग बंगळुरूला मामांकडे संशोधनाला गेले, पुढे केंब्रिज, मग म्हैसूर विद्यापीठात फिजिक्सचे विभागप्रमुख, आणि १९७१ मध्ये परत रामन इन्स्टिट्यूटमध्ये येऊन त्यांनी लिक्विड क्रिस्टलची लॅब उभी केली. मी वर्गात हे नाव घेतलं की मुलं लगेच म्हणतात मॅडम ते नोबेलवाले ना, ताऱ्यांवाले. नाही, ते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, रामन त्यांचे काका, त्यांना १९८३ मध्ये नोबेल मिळालं. आणि नेमकं १९८३ मध्येच आपले हे चंद्रशेखर रॉयल सोसायटीचे फेलो झाले. एकच आडनाव, एकच मोठं घराणं, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे, पण आपल्याच विद्यापीठातून शिकून गेलेला माणूस आपल्याच शहरात कुणाला माहीत नसावा याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग या चळतीतून चार्ज जातो कसा? चकतीचा मधला भाग सपाट आणि अ‍ॅरोमॅटिक असतो, म्हणजे त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूला पाय (π) इलेक्ट्रॉनचा ढग असतो. चळतीत दोन चकत्यांमधलं अंतर साधारण ०.३५ नॅनोमीटर असतं, इतक्या जवळून एकीचा ढग दुसरीच्या ढगात मिसळतो आणि चार्ज एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी मारू शकतो. याउलट शेजारच्या चळतीपर्यंत जायचं तर मध्ये त्या शेपट्या येतात, त्या म्हणजे मेणासारख्या हायड्रोकार्बनच्या साखळ्या, शुद्ध इन्सुलेटर, आणि अंतरही दोन-तीन नॅनोमीटर. म्हणजे चार्ज चळतीच्या लांबीने पळतो, आडवा जवळजवळ जातच नाही. प्रत्येक चळत ही जणू इन्सुलेशन घातलेली रेणूएवढी बारीक वायर झाली, आणि ती कुणी ओढून बनवलेली नाही, गरम करून थंड केल्यावर आपली आपण तयार झालेली. १९८८ मध्ये इंग्लंडात लीड्सला नेव्हिल बोडेन आणि रिचर्ड बुशबी यांच्या ग्रुपने ट्रायफेनिलिन या अशाच एका चकतीसारख्या रेणूच्या पदार्थात थोडं अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड घालून मोजलं तेव्हा चळतीच्या दिशेची कंडक्टिव्हिटी, म्हणजे वीज वाहून नेण्याची क्षमता, आडव्या दिशेच्या साधारण हजारपट निघाली.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, ही वाहतूक सिलिकॉनसारखी नाही. सिलिकॉनच्या क्रिस्टलमध्ये अणू घट्ट बांधलेले असतात आणि इलेक्ट्रॉन अख्ख्या क्रिस्टलभर पसरलेल्या ऊर्जेच्या पट्ट्यातून, म्हणजे बँडमधून जातो. इथे रेणू सैल आहेत, सतत हलतायत, त्यामुळे चार्ज एका रेणूवर क्षणभर थांबतो, मग पुढच्यावर जातो. ज्या रेणूवर चार्ज येतो त्याचे बाँड, म्हणजे अणूंमधले बंध, जरासे लांबतात किंवा आखडतात, चार्ज गेला की पूर्ववत होतात, आणि या बदलालाच ऊर्जा लागते. म्हणजे उडी किती पटकन पडेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं, दोन ढग एकमेकांत किती मिसळतात आणि रेणूला स्वतःला किती बदलावं लागतं. रुडॉल्फ मार्कस यांना १९९२ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेल ज्या थिअरीसाठी मिळालं त्याच थिअरीने आज लोक हे हिशोब करतात. आणि गंमत म्हणजे चकत्या नुसत्या जवळ असून भागत नाही, खालच्या चकतीच्या मानाने वरची किती अंशांनी फिरलेली आहे यावरही ढगांचं मिसळणं खूप बदलतं. एवढीशी गोष्ट, पण केमिस्ट लोकांची वर्षानुवर्षं यात जातात, शेपटीत एक अणू बदलला की फिरण्याचा कोन बदलतो आणि सगळा आकडाच बदलतो.

आणि हे मोजतात कसं ते तर मला मुलांना सांगायला सगळ्यात जास्त आवडतं, कारण यात लपवाछपवी काही नाही, सगळं डोळ्यांसमोर होतं. इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर दिलेल्या दोन काचा घ्यायच्या, मध्ये दहा-वीस मायक्रॉनची फट ठेवायची. पदार्थ पूर्ण वितळेपर्यंत तापवायचा, तो आपोआप त्या फटीत ओढला जातो, मग हळूहळू थंड करायचा आणि पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली बघायचं की रेणू नीट लागलेत का. मग दोन काचांमध्ये व्होल्टेज द्यायचं आणि एका बाजूने लेझरचा अगदी छोटा पल्स मारायचा. प्रकाश पहिल्या पातळ थरातच शोषला जातो, तिथे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर राहणारी पॉझिटिव्ह रिकामी जागा) तयार होतात, आणि व्होल्टेजच्या दिशेप्रमाणे त्यातला एक प्रकार पूर्ण फट ओलांडून पलीकडे जातो, दिशा उलटी केली की दुसरा. ऑसिलोस्कोपवर करंट दिसतो, काही वेळ सपाट, आणि चार्ज पलीकडे पोचले की एकदम खाली. तो जो गुडघा दिसतो तोच प्रवासाचा वेळ. फटीच्या जाडीचा वर्ग करायचा, त्याला वेळ आणि व्होल्टेज यांच्या गुणाकाराने भागायचं, झाली मोबिलिटी, म्हणजे चार्ज किती सहज पळतो त्याचं माप. समजा फट १० मायक्रॉन आहे, व्होल्टेज १० आहे आणि प्रवासाला १ मायक्रोसेकंद लागला, तर मोबिलिटी येते ०.१ चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट सेकंद. तेच १०० मायक्रोसेकंद लागले तर ०.००१. बारावीच्या मुलाला जमेल असा हिशोब आहे हा.

१९९३-९४ मध्ये जर्मनीत बायरॉइथ आणि माइन्झच्या लोकांनी, हारर आणि रिंग्सडॉर्फ यांच्या ग्रुप्सनी मिळून, हेच केलं. ऑक्सिजनने जोडलेल्या शेपट्यांच्या ट्रायफेनिलिनमध्ये त्यांना ०.००१ च्या आसपास मोबिलिटी मिळाली, आणि ऑक्सिजनच्या जागी सल्फर असलेल्या पदार्थात, जिथे चकत्या ठराविक कोनात फिरत फिरत जिन्यासारख्या बसतात, तिथे थेट ०.१. त्याच पदार्थाला अजून थोडं तापवून चळत जरा विस्कटू दिली की आकडा धाडकन खाली येतो. म्हणजे रेणूंच्या शिस्तीवर सगळं अवलंबून आहे हे एका ग्राफमध्ये दिसतं.

तरीही बरीच वर्षं लोकांना शंका होतीच, की द्रवातून करंट वाहतोय म्हणजे आयनच वाहत असणार. शंका चुकीची नव्हती. साध्या नेमॅटिक द्रवात, म्हणजे जिथे रेणूंची फक्त दिशा एक असते, थर किंवा चळत नसते, बहुतेक वेळा आयनच वाहतात, आणि पदार्थात भलतंच काहीतरी थोडंसं जरी मिसळलेलं राहिलं तर चार्ज त्यात अडकतो, अडकलेला रेणूच आयन होऊन रखडत रखडत पलीकडे जातो, आणि आपण मोजतो भलतंच. १९९७ मध्ये टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फुनाहाशी आणि हान्ना यांनी फिनाइलनॅफ्थलीनवर काम करून हे साफ केलं. यांचे रेणू चकतीचे नाहीत, काडीसारखेच, पण थराथरांत रचलेले, ज्याला स्मेक्टिक म्हणतात. त्यांना होल आणि इलेक्ट्रॉन दोन्ही जवळपास सारख्याच वेगाने जाताना दिसले, आणि एका अवस्थेत तापमान बदलून पाहिलं तरी मोबिलिटी जवळजवळ तेवढीच, पण अवस्था बदलली की एकदम पायरी. आयन असते तर द्रव पातळ होईल तसा वेग वाढत गेला असता. तसं झालं नाही, म्हणजे उड्या मारणारा चार्जच तो. मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात देखणा ग्राफ तो आहे.

थरांचा अजून एक फायदा आहे. चळतीत वाट एकच, मध्ये एक रेणू वाकडा बसला की चार्ज तिथेच अडतो. थरात चार्जला चारी बाजू मोकळ्या, वळसा घालून जाता येतं. आणि लिक्विड क्रिस्टल मुळात वाहतं असल्याने त्यातले दोष बरेचसे आपोआप भरून निघतात. ऑर्गेनिक पदार्थाची साधी पावडर वितळवून फिल्म केली तर असंख्य बारीक क्रिस्टल होतात आणि त्यांच्या कडांवर चार्ज अडकतो, हे दुखणं लिक्विड क्रिस्टलमध्ये खूप कमी होतं. याच कल्पनेवर हान्ना यांच्या ग्रुपने २०१५ मध्ये एक पदार्थ पुढे आणला, पीएच-बीटीबीटी-१० नावाचा. लिक्विड क्रिस्टल अवस्थेतच त्याची एकसारखी फिल्म करायची, थंड झाल्यावर ती क्रिस्टल होते पण गुळगुळीत राहते, मग १२० अंशांवर फक्त पाच मिनिटं तापवायची, आणि त्याचा ट्रान्झिस्टर केला तर मोबिलिटी १० च्या वर जाते. तुलनेसाठी सांगते, टीव्हीच्या पॅनेलमध्ये पिक्सेल चालवायला जे अमॉर्फस, म्हणजे अणूंची शिस्तशीर मांडणी नसलेलं, सिलिकॉन वापरलं गेलं त्याची मोबिलिटी एकच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. चिपमधल्या क्रिस्टल सिलिकॉनची मात्र १४०० च्या घरात.

म्हणजे हा पदार्थ सिलिकॉनच्या चिपची जागा घेणार का? नाही, अजिबात नाही, आणि असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. प्रोसेसर सिलिकॉनचाच राहणार. पण मोठ्या जागेवर, प्लास्टिकवर, कमी तापमानात, शाईसारखं छापून जे इलेक्ट्रॉनिक्स करायचंय तिथे याला जागा आहे, वाकणारे डिस्प्ले, सेन्सर, सोलर सेल. अडचणीही भरपूर आहेत. हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन अडवतो म्हणून होल वाहणारे पदार्थ सहज मिळतात आणि इलेक्ट्रॉन वाहणारे कमी. सोलर सेलला चळती काचेवर उभ्या लागतात, ट्रान्झिस्टरला आडव्या, आणि रेणू आपल्या मर्जीने बसतात. २००१ मध्ये केंब्रिज आणि माइन्झच्या लोकांनी चकतीचे रेणू वापरून सोलर सेल केला, त्यात ३४ टक्के असा आकडा येतो आणि अनेक ठिकाणी तो चुकीचा सांगितला जातो. तो सेलची एकूण कार्यक्षमता नाही, ४९० नॅनोमीटरच्या आसपासच्या एका रंगाच्या प्रकाशात दर शंभर फोटॉनमागे किती इलेक्ट्रॉन बाहेर आले त्याचा तो आकडा आहे. तरीही नुसत्या द्रावणातून फिल्म ओतून, दोन पदार्थ आपोआप वेगळे होऊन एवढं मिळालं हे त्या काळी मोठं होतं.

बाजारात चकतीचे रेणू आले ते मात्र वेगळ्याच दाराने. नव्वदच्या दशकात जपानच्या फुजीफिल्मने डिस्कोटिक रेणूंची फिल्म काढली, एलसीडीचा पडदा बाजूने बघितला तरी नीट दिसावा म्हणून. त्यात चार्ज वाहण्याचा संबंध नाही, फक्त प्रकाशाचा आहे, पण जगभरच्या कॉम्प्युटर मॉनिटरमध्ये ती फिल्म गेली. बंगळुरूत सापडलेली गोष्ट, माल जपानने केला.

आता मुद्द्यावर येते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटींची योजना मंजूर केली, तेव्हापासून पेपरात, चॅनेलवर रोज फॅब, फॅब (म्हणजे चिपचे कारखाने) चाललंय. चांगलंच आहे, व्हायलाच हवं. पण फॅब आपल्या कॉलेजात होणार नाही, ती हजारो कोटींची गोष्ट आहे. लिक्विड क्रिस्टलचं हे काम मात्र आपल्या विद्यापीठात होऊ शकतं. रेणू बनवायला चांगली ऑर्गेनिक केमिस्ट्रीची लॅब लागते, ती आपल्याकडे आहे आणि त्यात हात बसलेले शिक्षकही आहेत. पुढे पोलरायझिंग मायक्रोस्कोप, तापमान नीट धरणारी हॉट स्टेज, एक पल्स लेझर, एक बरा ऑसिलोस्कोप. स्वस्त नाही, पण दोन-तीन विभागांनी मिळून घेतलं तर आवाक्याबाहेर पण नाही. अडतं ते इथे की केमिस्ट्रीवाला फिजिक्सच्या मजल्यावर जात नाही आणि फिजिक्सवाला केमिस्ट्रीच्या, आणि हा विषय तर दोघांशिवाय होतच नाही. बंगळुरूच्या त्या तिघांमध्ये सदाशिव केमिस्ट होते हे मुद्दाम लक्षात आणून देते.

अभ्यासक्रमाचं म्हणाल तर मी जो शिकवते त्यात लिक्विड क्रिस्टलला एक पान आहे आणि त्यात फक्त डिस्प्ले. डिस्कोटिक हा शब्द नाही, १९७७ नाही, चार्ज वाहतो हे तर नाहीच. अभ्यास मंडळावर जे असतील त्यांनी एमएस्सीला निदान टाइम ऑफ फ्लाइटचा, म्हणजे वर सांगितलेला लेझर पल्सचा, प्रयोग तरी घालावा. लेझर नसेल तर तयार डेटा देऊन ग्राफवरून मोबिलिटी काढायला लावावी, त्याला एक पैसाही लागत नाही. पोरं हुशार आहेत हो, आमच्या वर्धा-भंडाऱ्याकडून येणारी मुलं-मुली हा ग्राफ दाखवला की तास संपला तरी उठत नाहीत, हे मी स्वतः बघते. त्यांना हे माहीतच करून द्यायचं नाही आणि मग संशोधनात मराठी मुलं मागे म्हणायचं, हे बरोबर नाही.

आणि तुम्हाला एक विनंती. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त तुम्ही रामन यांच्यावर पान काढता. येत्या वर्षी त्याच पानावर त्यांच्या या भाच्यालाही जागा द्या. त्यांनी १९९१ मध्ये बंगळुरूत लिक्विड क्रिस्टलसाठी सुरू केलेलं केंद्र आज सेंटर फॉर नॅनो अँड सॉफ्ट मॅटर सायन्सेस या नावाने चालू आहे, तिथल्या लोकांशी तुमचा वार्ताहर बोलू शकेल. स्वतः चंद्रशेखर २००४ मध्ये गेले. लेखासोबत फोटो छापाल तेव्हा तो शिवरामकृष्ण यांचाच आहे ना हे कृपया दोनदा तपासा, आणि त्यांच्याबरोबर सदाशिव आणि सुरेश यांचीही नावं घ्या. वैज्ञानिक तपशील तपासून द्यायचे असतील तर मी आनंदाने देईन.

आपली,
फिजिक्सची एक प्राध्यापिका, नागपूर